सॉकेटचा कोड दाखवा आणि चुका मागून घ्या

नेटवर्क प्रोग्रामिंग शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यात एक सर्व्हर आणि एक क्लायंट तयार होतो. एका खिडकीत सर्व्हर, दुसऱ्या खिडकीत क्लायंट, मध्ये 127.0.0.1, म्हणजे स्वतःच्याच मशीनचा पत्ता. प्रोग्रॅम ज्या टोकातून नेटवर्कवर लिहितो-वाचतो ते सॉकेट. "हॅलो" गेलं, "हॅलो" आलं. कोड दुसऱ्याला दाखवायची खरी वेळ हीच. तो चालतोय म्हणून नव्हे, तर तो का चालतोय हे अजून कळलेलं नाही म्हणून.

स्वतःच्या मशीनवरचा लूपबॅक, म्हणजे मशीनमधून बाहेर न पडता परत येणारा हा मार्ग, फार मायाळू असतो. लिनक्सवर लूपबॅकचं पॅकेट 65,536 बाइटपर्यंत मोठं असू शकतं. वायफाय किंवा इथरनेटवर ही मर्यादा साधारण 1,500 बाइट असते आणि आयपी (पत्त्यांचे नियम) व टीसीपी (न हरवता, क्रमाने पोचवण्याचे नियम) यांचे मथळे वजा केले की मजकुरासाठी जास्तीत जास्त 1,460 उरतात. म्हणजे 4,000 बाइटचा निरोप घरच्या घरी बहुधा एका दमात पोचतो, पण शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपकडे जाताना त्याचे किमान तीन तुकडे होतात. तुमचा कोड "एकदा वाचलं की पूर्ण निरोप आला" असं गृहीत धरत असेल, तर ती चूक तुमच्या टेबलावर दिसणारच नाही. ती दिसायला दुसरं मशीन, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आणि दुसरे डोळे लागतात.

या क्षेत्राची रीतही पहिल्यापासून हीच आहे. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांत लिहिलेले आहेत त्यांना आरएफसी म्हणतात, म्हणजे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल 1969 मध्ये लिहिला. नावातच "सांगा, काय वाटतं" अशी विनंती आहे.

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगितलं आहे: पायथॉन 3 मधला, पोर्ट 9000 वर (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या प्रोग्रॅमचा क्रमांक) चालणारा गप्पांचा सर्व्हर. एकाने लिहिलेलं बाकी सगळ्यांना दिसतं, बस. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायची.

दाखवण्याआधी आवरून घ्या

चूक सांगणारा माणूस आपला वेळ देत असतो. त्याला पाच मिनिटांत कोड चालवता आला तरच तो पुढे वाचेल.

कोडचा फोटो पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणूनही टाकू नका, कारण तिथे दोन चांदण्यांमधला मजकूर ठळक होतो आणि दोन अंडरस्कोअरमधला तिरपा होतो. पायथॉनमध्ये ही दोन्ही चिन्हं पदोपदी येतात, त्यामुळे पोचलेला कोड तुमचा राहतच नाही. गिटहब किंवा गिटलॅबवर रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) करा आणि तिची लिंक द्या. सर्व्हरची एक फाइल, क्लायंटची एक, मिळून शंभर-दीडशे ओळी. प्रकल्प मोठा असेल तर चूक दाखवणारा छोटा भाग वेगळा काढा. तो काढतानाच निम्म्या वेळा चूक सापडते.

रीडमी फाइलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉनची आवृत्ती, आधी काय चालवायचं आणि नंतर काय, तुमची अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढं हवंच. एरर आली असेल तर ती आकड्यासकट जशीच्या तशी चिकटवा. "पोर्ट आधीच वापरात आहे" ही एकच एरर लिनक्सवर 98, मॅकवर 48 आणि विंडोजवर 10048 या आकड्याने येते. सिस्टिमचं नाव न देता नुसता आकडा दिला तर समोरचा उगाच शोधत बसतो.

कोडमध्ये 192.168.1.7 असा घरचा पत्ता ठोकून बसवला असेल तर तो काढा. दुसऱ्याच्या घरी त्या पत्त्यावर प्रिंटर असेल. पत्ता आणि पोर्ट कमांड लाइनवरून घ्या आणि न दिल्यास 127.0.0.1 धरा. 1024 च्या खालचं पोर्ट निवडू नका, बऱ्याच सिस्टिमवर त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. 5000 हे अनेक धड्यांतलं लाडकं पोर्टही टाळा. 2021 नंतरच्या मॅकवर ते एअरप्लेने आधीच धरलेलं असू शकतं, आणि मग तुमच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधण्यात दोघांचाही वेळ जातो.

पासवर्ड, टोकन, कॉलेजच्या सर्व्हरचं लॉगिन असं काही चुकून कमिट झालं (गिटमध्ये नोंदलं गेलं) असेल तर पुढच्या कमिटमध्ये खोडून भागत नाही. गिटच्या इतिहासात ते तसंच राहतं. तो पासवर्ड बदलणं हाच उपाय.

लायसन्सची फाइल नसेल तर तुमचा कोड वापरायचा किंवा पुढे द्यायचा रीतसर हक्क कुणालाच मिळत नाही. शिकताना लिहिलेल्या कोडला एमआयटी लायसन्स पुरेसं आहे.

काय विचारता यावर काय मिळतं ते ठरतं

"जरा बघा ना, बरोबर आहे का" असं विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: "क्लायंट मध्येच बंद केला की सर्व्हर एक सीपीयू पूर्ण खातो. ओळ 34 ते 41 मध्ये काय चुकतंय?" आणि चुकांचं आमंत्रण सरळ शब्दांत द्या: "तुकड्यांत आलेला निरोप मी नीट जोडतोय का, हे मोडून दाखवा."

काय नको आहे तेही सांगून ठेवा. टीएलएस (मजकूर गुप्त ठेवणारी सोय) नाही, लॉगिन नाही, हे ठाऊक आहे आणि सध्या तो विषय नाही, असं लिहिलं की चर्चा भरकटत नाही. व्हेरिएबलची नावं आणि मोकळ्या जागा यांवर मतं द्यायला सगळ्यांना सोपं जातं, म्हणून "आधी सॉकेट, नावं नंतर" ही ओळ रीडमीत असू द्या.

हा कोड कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा असेल तर बाहेरून मदत घेतल्याचं सरांना किंवा मॅडमना आधी सांगा आणि जर्नलमध्ये नोंदवा.

चार त्रासदायक क्लायंट

दुरुस्ती बरोबर की चूक हे मतांवर सोडायचं नसेल तर कोड मोडणारी हत्यारं आपल्याकडे हवीत. दहा-दहा ओळींचे चार क्लायंट लिहा आणि रेपोतच 'चाचण्या' म्हणून ठेवा.

पहिला बाइट-बाइट पाठवणारा. "नमस्कार" आणि शेवटी नवी ओळ, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) 22 बाइट होतात. एकेक बाइट पाठवा, मध्ये 50 मिलिसेकंद थांबा. सेकंदाहून थोड्या जास्त वेळात काम होतं. सर्व्हरला निरोप एकच दिसला पाहिजे. आलेले बाइट लगेच 'डीकोड' करणारा, म्हणजे त्यांची अक्षरं करणारा, सर्व्हर पहिल्याच बाइटला पडतो, कारण 'न' या अक्षराचे तीन बाइट आहेत आणि त्यातल्या एकट्या पहिल्याला काही अर्थ नाही. इंग्रजी "हेलो" पाठवलं असतं तर सर्व्हर पडला नसता, पाच वेगवेगळे निरोप छापून गप्प बसला असता. म्हणून चाचणी मराठी मजकुराने घ्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असल्यामुळे लपलेली चूक लगेच वर येते.

दुसरा दोन निरोप एकाच 'सेंडऑल'मध्ये (दिलेले सगळे बाइट पाठवणारं फंक्शन) पाठवणारा. सर्व्हरला दोन दिसले पाहिजेत, आणि दोन्ही ताबडतोब.

तिसरा अर्धा निरोप पाठवून सॉकेट बंद करणारा. सर्व्हरने नोंद करावी, आपल्या बाजूचं सॉकेट बंद करावं आणि पुढच्या कामाला लागावं.

चौथा जोडणी करून 60 सेकंद मुका बसणारा. तेवढ्या वेळात बाकीच्यांच्या गप्पा अडता कामा नयेत.

लिनक्सवर रूटचे अधिकार असतील तर 'टीसी' कमांडच्या 'नेटएम' सोयीने लूपबॅकवर 100 मिलिसेकंद उशीर आणि 5 टक्के गळती लावता येते. उशीर जाताना आणि येताना दोन्हीकडे लागतो, म्हणून पिंगमध्ये 200 दिसेल. टीसीपीत निरोप हरवत नाहीत, रखडतात. यूडीपीत, म्हणजे पोचल्याची खात्री न देणाऱ्या साध्या पद्धतीत, खरंच हरवतात. काम झालं की ती सेटिंग काढा, नाहीतर मशीनवरचं सगळं स्थानिक काम रडतखडत चालेल. रीबूट केलं तरी ती जाते.

एकाच दुखण्यावर चार औषधं

सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार: दोन निरोप चिकटून आले. "आहेस का" आणि "चहा घेऊ" असे दोन पाठवले आणि समोर "आहेस काचहा घेऊ" उमटलं. ही चूक मांडली की बहुधा चार प्रकारच्या दुरुस्त्या येतात. चारही चांगल्या मनाने आलेल्या असतात. त्यांतली एकच खरी.

एक जण सांगतो, दोन 'सेंड'च्या मध्ये 0.1 सेकंद झोप घाल. घातली की चिकटणं थांबतं, आणि तिथेच माणूस फसतो. झोप पाठवणाऱ्याकडे आहे, चूक वाचणाऱ्याकडे. ही शुद्ध आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वाचणारा दुसऱ्या कामात गुंतला असेल तर ते दोन निरोप त्याच्या बफरमध्ये (आलेले बाइट तात्पुरते ठेवायच्या जागेत) एकत्रच पडून राहतात. पहिल्या क्लायंटपुढे ही दुरुस्ती लगेच पडते.

दुसरा सांगतो, 'रिसीव्ह'मधले (वाचणारं फंक्शन, recv) 1024 वाढवून 65536 कर. पण तो आकडा "जास्तीत जास्त एवढे दे" असं सांगतो, "एवढे येईपर्यंत थांब" असं नाही. मोठा केला तर चिकटणं उलट वाढतं.

तिसरा जरा जाणकार असतो. तो म्हणतो, 'टीसीपी नोडिले' लाव, नेगलचा अल्गोरिदम (छोटे तुकडे थोडे थांबवून एकत्र पाठवणारा) बंद कर. याने छोटे निरोप वाट न बघता निघतात, उशीर कमी होतो आणि खेळांसारख्या कामात ते योग्यही आहे. पण टीसीपी म्हणजे बाइटचा प्रवाह. निरोप कुठे संपला याची खूण तो कधीच ठेवत नाही, मग नेगल चालू असो की बंद.

चौथी दुरुस्ती अशी असते. प्रत्येक क्लायंटसाठी बाइटचा एक स्वतंत्र बफर ठेवायचा. 'रिसीव्ह'ने जे दिलं ते त्याच्या शेवटी जोडायचं. बफरमध्ये नव्या ओळीचं चिन्ह आहे तोपर्यंत, त्या चिन्हापर्यंतचा तुकडा कापायचा, तेवढाच डीकोड करायचा आणि तो निरोप म्हणून पुढे द्यायचा. उरलेलं पुढच्या फेरीसाठी ठेवायचं. चिन्हाशिवाय बफर 64 केबीच्या वर गेला तर जोडणी तोडायची, नाहीतर एखादा क्लायंट तुमची सगळी मेमरी भरून टाकेल.

बाइटच्या पातळीवर कापणं सुरक्षित कसं, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. नव्या ओळीच्या चिन्हाची किंमत 10 आहे आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा असतो. अक्षराच्या पोटात 10 कधीच सापडणार नाही. डीकोड मात्र कापल्यानंतरच करायचं, आधी नाही.

ही दुरुस्ती स्वीकारताना दोन जागा बोट ठेवून तपासा. "आहे तोपर्यंत" साठी 'व्हाइल' लिहिलंय की 'इफ'? 'इफ' असेल तर एकत्र आलेल्या दोन निरोपांतला दुसरा बफरमध्ये अडकतो आणि तिसरा आल्यावरच बाहेर पडतो. दुसरा क्लायंट याच्यासाठीच आहे. आणि बफर खरोखर प्रत्येक क्लायंटचा आहे ना? तो सगळ्यांत सामायिक असेल तर दोघांचे तुकडे एकमेकांत मिसळतात, आणि ते एकावेळी एकच क्लायंट चालवून कधी दिसत नाही.

"नमस्कार" किती लांब?

नव्या ओळीऐवजी निरोपाच्या आधी चार बाइटमध्ये त्याची लांबी पाठवायची पद्धतही चांगली आहे. फाइल पाठवायची असेल तर तीच घ्या, कारण फाइलच्या आत नव्या ओळी असतातच. हिच्यात मराठी लिहिणाऱ्यांना हमखास चावणारी एक चूक आहे.

पायथॉनला "नमस्कार"ची लांबी विचारली तर तो 7 सांगतो: न, म, स, हलन्त, क, काना, र. बाइट मात्र 21. लांबी म्हणून 7 पाठवले आणि मागून 21 बाइट, तर समोरचा 7 बाइट वाचतो. त्यात 'न' आणि 'म' पूर्ण येतात, 'स'चा एकच बाइट येतो, आणि डीकोड कोसळतं. आता कुणी "डीकोड करताना एरर दुर्लक्षित कर" अशी दुरुस्ती सुचवली आणि तुम्ही ती घेतली, तर पडद्यावर "नम" दिसेल आणि सर्व्हर गोठेल. कारण उरलेल्या 14 बाइटमधले पहिले चार तो पुढच्या निरोपाची लांबी म्हणून वाचतो. ते बाइट 164, 184, 224 आणि 165 आहेत. त्यांची मिळून लांबी होते 2,76,35,79,557. सर्व्हर आता पावणेतीन अब्ज बाइटची वाट बघत बसला आहे. एरर दाबणाऱ्या दुरुस्त्या का घ्यायच्या नाहीत, त्याचं हे रोकडं कारण.

बरोबर क्रम असा: आधी एन्कोड (अक्षरांचे बाइट), मग त्या बाइटची लांबी मोजा, मग ती लांबी नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (मोठ्या किमतीचा बाइट आधी) चार बाइटची करून पुढे लावा. वाचणाऱ्याकडे "नेमके इतके बाइट जमेपर्यंत वाच" असं छोटं फंक्शन हवं, आणि ते लांबीचे चार बाइट वाचतानाही वापरायचं. ते चार बाइटसुद्धा तुकड्यांत येऊ शकतात, ही गोष्ट दुरुस्त करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. आलेली लांबी मर्यादेत आहे का हे मेमरी राखण्याआधी तपासा.

आलेली दुरुस्ती घ्यायची कशी

पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमच्या रेपोसाठी सुचवलेला बदल, आली की मर्जचं (तो सामावून घेण्याचं) बटण लगेच दाबू नका. आधी जुन्या कोडवर ती चूक स्वतः घडवून बघा. घडत नसेल तर विचारा: "माझ्याकडे ही चूक येत नाहीये, तुम्ही कुठल्या सिस्टिमवर आणि कसं चालवलंत?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, उत्तरात बहुतेक वेळा खरा धडा असतो.

मग दुरुस्ती वेगळ्या ब्रँचवर घ्या आणि चालवण्याआधी ओळ न् ओळ वाचा. अनोळखी माणसाचा कोड तुमच्या मशीनवर तुमच्या अधिकारांनी चालणार आहे. बाहेरची कमांड चालवणारी ओळ, 'इव्हॅल' (मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन), नवी लायब्ररी आणि तिच्या नावातलं एखादं इकडचं तिकडे झालेलं अक्षर, यांपाशी थांबा. नेटवर्कवरून आलेला मजकूर 'पिकल'ने उलगडणारी दुरुस्ती कधीच घेऊ नका, ती देणारा कितीही ओळखीचा असो. पिकलचा डेटा उलगडताना पाठवणाऱ्याला हवा तो कोड तुमच्याकडे चालू शकतो. पायथॉनच्या अधिकृत माहितीपत्रकातच तसा इशारा आहे. त्याऐवजी जेसन, म्हणजे डेटा साध्या मजकुरात मांडायची पद्धत, वापरा. शंका असेल तर कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

चारही क्लायंट पास झाले की बदललेल्या ओळींपैकी एक ओळ मुद्दाम पूर्ववत करा आणि कुठली चाचणी पडते ते बघा. काहीच पडलं नाही, तर एकतर ती ओळ अनावश्यक आहे किंवा तुमची चाचणी अपुरी आहे. दोन्ही कळणं कामाचं.

एका पुल रिक्वेस्टमध्ये चूकही दुरुस्त केली, नावंही बदलली आणि फाइलही विभागली असेल, तर नम्रपणे वेगळं करून मागा: "बफरचा भाग वेगळा कमिट कराल का? तो मला नीट समजून घ्यायचाय." पुढे काही बिघडलं तर एकच कमिट उलटवता येतो.

कमिटच्या निरोपात दुरुस्तीचं कारण तुमच्या शब्दांत लिहा. "बग फिक्स" नको. "एका रिसीव्हमध्ये एकच निरोप येतो असं धरलं होतं, आता नवी ओळ मिळेपर्यंत बफरमध्ये साठवतो" असं लिहा. हे वाक्य जमत नसेल तर दुरुस्ती अजून समजलेली नाही, परत विचारा. एआयने सुचवलेल्या दुरुस्तीलाही हाच निकष. झोप घालण्याचा सल्ला तिथूनही येतो.

ज्याने चूक शोधली त्याचं नाव जाऊ द्या. गिटहबवर कमिटच्या निरोपाखाली एक ओळ रिकामी सोडून 'को-ऑथर्ड-बाय' ही ओळ, नाव आणि ईमेलसह टाकली की तो सहलेखक म्हणून दिसतो. ईमेल कुठला टाकायचा ते त्यालाच विचारा, काहींना तो उघड करायचा नसतो.

नेहमी येणाऱ्या आणखी काही दुरुस्त्या

"रिसीव्हने रिकामे बाइट दिले तर लूपमधून बाहेर पड." निमूट घ्या. रिकामं उत्तर म्हणजे समोरच्याने त्याची बाजू बंद केली. ते न तपासल्यास 'रिसीव्ह' पुन्हा पुन्हा तत्काळ रिकामं परत येतं आणि लूप गरगर फिरत राहतो. वर विचारलेल्या सीपीयूच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

"रीयूज-अ‍ॅड्रेस लाव." सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की 98 येते, कारण आधी बंद करणाऱ्या बाजूची जोडणी लिनक्सवर 60 सेकंद 'टाइम-वेट' अवस्थेत राहते. लिनक्सवर ही दुरुस्ती योग्य, आणि ती 'बाइंड'च्या (पोर्ट धरणाऱ्या फंक्शनच्या) आधी लावायची. विंडोजवर त्याच पर्यायाचा अर्थ वेगळा आहे: तिथे दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर बसू शकतात आणि निरोप कुणाला जाईल याचा भरवसा राहत नाही. दुरुस्ती बरोबर असते, पण कुठे, हे विचारायचं ते यासाठी.

"सेंड नको, सेंडऑल वापर." 'सेंड' दिलेल्यातले थोडेच बाइट घेऊन परत येऊ शकतं आणि किती घेतले तो आकडा देतं. तो आकडा न बघणाऱ्या कोडचा शेवटचा भाग गुपचूप गळतो.

"क्लायंटच्या यादीला लॉक लाव." प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड (बाकीच्यांसोबत चालणारी कामाची स्वतंत्र वाट) असेल तर लॉक, म्हणजे एकावेळी एकाच थ्रेडला यादी हाताळू देणारं कुलूप, हवंच. पण लॉक धरून ठेवून सगळ्यांना 'सेंडऑल' करणारी दुरुस्ती आली तर थांबा. एक क्लायंट वाचेनासा झाला की त्याचा बफर भरतो, 'सेंडऑल' अडतं, आणि लॉक त्या अडलेल्या थ्रेडच्याच हातात असल्यामुळे सगळ्यांच्या गप्पा थांबतात. लॉकमध्ये यादीची फक्त प्रत काढायची, लॉक सोडायचं आणि मग पाठवायचं. तरी हा थ्रेड त्या एका मंद क्लायंटपाशी अडू शकतोच, म्हणून सॉकेटला टाइमआउटही लावा.

सी मध्ये लिहीत असाल तर दोन दुरुस्त्या ठरलेल्या. पोर्टला 'एचटूएनएस' (htons, बाइटचा क्रम नेटवर्कसाठी लावणारं फंक्शन) न लावल्यास 8080 वर बसवलेला सर्व्हर नेहमीच्या इंटेल मशीनवर 36895 वर जाऊन बसतो, कारण दोन बाइटची अदलाबदल होते. क्लायंटमध्येही तीच चूक असेल तर दोघं एकमेकांशी मजेत बोलतात आणि वर्षभर कळत नाही. दुसऱ्या कुणाचा क्लायंट जोडला की उघड होतं. आणि 'रिसीव्ह' मजकुराच्या शेवटी शून्य बाइट ठेवत नाही. तो तुम्ही ठेवायचा, आणि त्यासाठी बफरच्या आकारापेक्षा एक बाइट कमी वाचायचा.

पटली नाही तर

आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्यातला मजकूर बदलत नाहीत. चुका वेगळ्या नोंदवतात आणि प्रत्येक नोंदीला चारपैकी एक शेरा मिळतो: आलेली, तपासून मान्य, पुढच्या आवृत्तीसाठी राखलेली, नाकारलेली. तुमच्या रेपोत हीच चार लेबलं करा. "पुढच्या आवृत्तीसाठी" हे लेबल फार उपयोगी पडतं. "थ्रेड सोडून असिंकआयओवर जा" (ही थ्रेडशिवाय अनेक जोडण्या सांभाळायची पायथॉनची सोय) ही सूचना चांगलीच आहे, पण थ्रेड अजून पुरते कळलेले नसताना ती घेतली तर दोन्ही अर्धवट राहतात.

नाकारताना चाचणी दाखवा, मत नको. "झोप घालून बघितलं, बाइट-बाइट पाठवणाऱ्या क्लायंटपुढे तीच एरर येते, सोबत आउटपुट जोडलंय. वेळ दिल्याबद्दल आभार." एवढं पुरे. दोन जाणकार एकमेकांविरुद्ध सांगत असतील तर दोघांनाही आपलं म्हणणं मोडेल किंवा टिकेल अशी चाचणी मागा. तरी सुटलं नाही तर टीसीपीचा सध्याचा मूळ दस्तऐवज म्हणजे 2022 चा आरएफसी 9293 उघडा. त्याने 1981 चा 793 बदलला. जुन्या धड्यांत 793 चाच दाखला असतो.

काही जण तोडून बोलतात. "हे पण माहीत नाही?" अशा वाक्यात तांत्रिक मुद्दा असेल तर तेवढा उचला, त्याची चाचणी लिहा, उत्तर मुद्द्यालाच द्या. मुद्दा नसेल तर उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

जुन्या प्रतींचं काय

चूक दुरुस्त झाली तरी चुकीची प्रत फिरत राहते. ज्युनिअर्सना दिलेला पेनड्राइव्ह, ग्रुपवर टाकलेली झिप फाइल, कुणाच्या जर्नलला चिकटवलेला प्रिंटआउट. 'रिसीव्ह 1024, मग डीकोड' असा कोड एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वर्षानुवर्षं जातो तो असाच. म्हणून पहिल्यापासून प्रत देऊ नका, लिंक द्या. दुरुस्ती मर्ज झाली की नवा टॅग (आवृत्तीची खूण) लावा. बदलांच्या फाइलमध्ये तारीख, चूक कशी दिसायची आणि कुणी शोधली हे दोन ओळींत लिहा. ज्यांना जुनी प्रत दिल्याचं आठवतं त्यांना ती नोंद पाठवा, आणि सोबत बाइट-बाइट पाठवणारा क्लायंटही द्या, म्हणजे त्यांना आपली प्रत जुनी आहे का नवी हे स्वतःच चालवून बघता येईल.